मेंदूला सोबत हवी

जिथला खाऊ आत्ताच संपवला, त्याच वाटेत उंदीर पुन्हा शिरत होता. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतली ही गोष्ट. वाटा आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जोडलेला सबिक्युलम नावाचा मेंदूचा भाग संशोधकांनी मुद्दाम इजा करून निकामी केला होता. आठ वाटांच्या भूलभुलैयात उंदीर गोंधळू लागले. मग त्यांतल्या काहींना मोठ्या पिंजऱ्यात, इतर उंदरांच्या सोबतीत, खेळायला-हुंगायला भरपूर वस्तू देऊन ठेवलं. २००५ साली निष्कर्ष छापून आले: हे उंदीर आठ वाटांच्या परीक्षेत पुष्कळ सुधारले. पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायच्या परीक्षेत मात्र फरक पडला नाही.

हा दुसरा निष्कर्षही मला तितकाच मोलाचा वाटतो, कारण त्यात खोटी आशा नाही. सगळंच परत मिळत नाही. पण जे मिळतं, ते मिळवायला वापर लागतो, सोबत लागते. मेंदूतल्या शाबूत पेशी वापर झाला तर एकमेकींशी नवे जोड जुळवू शकतात. त्या मुक्या जिवांनी मोठी किंमत मोजली तेव्हा हे आपल्याला कळलं. ते वाया जाऊ नये.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याकडच्या, नळगंगेकाठच्या गावांत घरातल्या म्हाताऱ्याच्या मेंदूला अशीच इजा होऊन लकवा झाला की बाज आतल्या खोलीत पडते. आराम मिळावा, गलका नको, ही त्यामागची माया. फिजिओथेरपीसाठी रोज बुलढाणा नाहीतर मलकापूर गाठणं शेतमजुराच्या घराला परवडतही नाही. दिवस मग छताकडे बघण्यात जातो. सून भरवते, नातू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजोबांच्या आधी देऊन टाकतो. बोलायची, आठवायची, चुकायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरंच. पण लकव्यानंतर सराव आणि हालचाल लागते, हे माणसांच्या बाबतीतही डॉक्टर सांगतात. तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटलं की आजोबांना दिवसा ओसरीवर बसवा. चांगल्या हाताने तुरीच्या शेंगा सोलू द्या, लुळ्या हातालाही त्यात घ्या. रस्त्याने कोण चाललंय ते त्यांनाच विचारा, आणि नाव आठवेपर्यंत थांबा. चुकलं तर उद्या पुन्हा विचारा.