फोटो काढणे

'काढणे' हे आपल्या भाषेतले मोठे बहुरूपी क्रियापद आहे. आपण विहिरीतून पाणी काढतो, गाईचे दूध काढतो, पायातला काटा काढतो. दिवाळीच्या पहाटे दारात रांगोळी काढतो आणि त्याच दिवाळीपायी कधी कर्जही काढतो. शिवाय हल्ली लहानथोर सगळेच उठल्यासुटल्या फोटो काढतात. माझ्यासारख्या छांदिष्टाला म्हणूनच प्रश्न पडतो की, हे फोटो काढणे यांपैकी कोणत्या जातीचे? रांगोळीच्या, दुधाच्या, की कर्जाच्या?

फोटो काढणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, रांगोळीच्या! हात माझा, नजर माझी, म्हणून चित्रही माझे. कायदाही त्याच्याच बाजूने बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा माणूस. ज्याचा चेहरा टिपला त्याचे या कर्तेपणात काही नाही.

दरवर्षी दसरा झाला की मी कॅमेरा घेऊन आठ-दहा दिवस कोकणच्या किनाऱ्याने रमतगमत हिंडतो. मालवण गाठायचे, मग तारकर्ली, देवबाग असे सावकाश दक्षिणेकडे सरकायचे. देवबागेला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी; मधे माडांची चिंचोळी पट्टी. नदीच्या मुखाशी होडीत बसले की पलीकडे भोगवे, पुढे निवती आणि मग वेंगुर्ले. घाई कसलीच नाही. एखाद्या गावी ढग आडवे आले तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच मुक्काम.

शरदातला तिथला उजेड काही निराळाच. पावसाने हवा धुऊन ठेवलेली असते. क्षितिजाची रेघ सुरीने ओढल्यासारखी स्वच्छ दिसते. सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे ऊन तिरपे पडते. जांभ्याचे चिरे त्यात लालभडक दिसतात, सड्यावरचे गवत सोनेरी होऊ लागते, आणि खळ्यावर झोडलेल्या भाताची धूळसुद्धा चमकते. अशा उजेडात माणसाला वाटते की हे सारे आपल्यासाठीच मांडून ठेवले आहे. समुद्राला कोण मालक? आकाशाचे भाडे कोणाला द्यायचे?

पण किनारा म्हणजे नुसता समुद्र नव्हे. तिथे रापण असते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळ करून सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि दोर ओढू लागतात. म्हातारे, तरुण, शाळेची पोरे, सगळे त्या दोराला लोंबकळतात. तास-दोन तासांनी जाळे वाळूवर येते आणि त्यात नशीब असेल तर बांगडा उसळत असतो. मग वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. वाटेने जाताजाता ज्याने दोराला हात लावला, तोही सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही. जिथे ज्याचा हात लागला तिथे त्याचा वाटा, असा तो साधा न्याय.

चार वर्षांपूर्वी अशाच एका रापणीचे मी दोन फोटो काढले. पहिल्यात दोर ओढणाऱ्या पाठींची एक सुरेख तिरपी ओळ आली होती, पलीकडे फेसाची रेघ. दुसरा काढताना रांगेतले साठीच्या पुढचे एक गृहस्थ मागे वळले आणि माझ्याकडे पाहून हसले. ओळ मोडली. फोटोच्या शास्त्राप्रमाणे चित्र बिघडले. जाळे वर आल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "ह्यो फोटो आमका मेळतलो मां?" मी म्हटले, "पाठवतो, काका." घरी गेल्यावर दोन्ही फोटो कागदावर छापून पोस्टाने पाठवले.

पुढच्या शरदात त्या गावी गेलो तर काका नव्हते. श्रावणात गेले होते. त्यांच्या पडवीत भिंतीवर चंदनाचा हार घातलेला माझा फोटो होता. तो मोडलेल्या ओळीचा. घरात दुसरे फोटो नव्हते असे नाही. मुलाच्या मोबाइलमध्ये पुष्कळ होते. पण मोबाइल खाडीत पडला आणि त्याबरोबर तेही गेले. मी काकींना विचारले, "तो दुसरा नाही लावलात?" त्या म्हणाल्या, "त्येच्यात नुसती पाठ दिसता. ह्येच्यात ते आमच्याकडे बघतत."

माझ्याकडे बघतात, असे मी समजत होतो. काकींच्या मते ते त्यांच्याकडे बघत होते. आणि पुष्कळ विचार केल्यावरही मला त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. मी फक्त मधे उभा होतो.

इंग्रजी अमदानीत १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. त्यांत या देशातल्या माणसांचे शेकडो फोटो आहेत. बहुतेकांखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. माणसाचे स्वतःचे नाव क्वचितच. आज ते खंड अभ्यासकांच्या मोठ्या कामाचे आहेत. पण त्यांतले चेहरे पाहताना मला वाटते, हे कर्ज काढले गेले आणि कोणी फेडले नाही. आता तर ते फेडायचे म्हटले तरी कोणाच्या दारी जाणार?

कोणी म्हणेल, प्रत्येकाला आधी विचारत बसले तर क्षण निसटून जातो. खरे आहे. विचारल्यावर माणूस केस सारखे करतो, हातातला दोर सोडून ताठ उभा राहतो. पण कर्ज काढणे हा काही गुन्हा नव्हे. कर्ज काढून विहिरी खणल्या गेल्या, मुले शिकली. फक्त घेतलेले आहे हे विसरू नये. आधी विचारणे नेहमी जमत नाही. नंतर देणे बहुधा जमते. आणि मोबाइलच्या काचेवर क्षणभर दाखवणे म्हणजे देणे नव्हे. ते दुकानदाराने नोट दाखवून पुन्हा गल्ल्यात टाकण्यासारखे झाले.

माणसांचे असे फेडता येते. समुद्राचे आणि वाळूचे कसे फेडावे? त्यालाही थोडी वाट आहे. या किनाऱ्यावर एका निवांत कोपऱ्यात थंडीच्या दिवसांत समुद्रकासवे अंडी घालायला येतात. तिथले फोटो मी लोकांना दाखवतो, पण खाली जागेचे नाव लिहीत नाही. न सांगणे हाही एक हप्ताच.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पुजतात. माझ्याकडे वही नाही. टेबलावर अकरा लिफाफे आहेत, यंदाच्या फिरतीतल्या अकरा घरांचे पत्ते लिहिलेले. पोस्ट उघडले की ते जातील. एका लिफाफ्यात दहा-बारा वर्षांच्या मुलीचा फोटो आहे. ऊन सुंदर, मागे भरतीचा समुद्र, आणि ऐन वेळी तिने डोळे मिटले आहेत. तोही पाठवणार आहे. त्या घरी कोणता फोटो चांगला ठरेल, हे मी इथे बसून कसे ठरवू?