सर्पगंधेच्या मुळाची साल

सर्पगंधेचं रोप जेमतेम मांडीएवढं वाढतं. एकेका पेराला तीन-चार गुळगुळीत पानं, लाल देठांवर पांढरी फुलं. औषध मात्र मातीखाली असतं. मुळातल्या अल्कलॉइडांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग मुळाच्या सालीत असतो, आतल्या लाकडात अगदी थोडा.

मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बाहेरच्या बाजूला बुचाचे पट्टे दिसतात: लहान पेशींचा, मग मोठ्या पेशींचा, पुन्हा लहान. आतली साल पिष्टकणांनी भरलेली असते. तिच्यात दगडासारख्या टणक पेशी नसतात. याच कुळीतल्या ज्या मुळांची भेसळ होते, त्यांच्या सालीत त्या आढळतात. म्हणून त्यांचं नसणं हीच अस्सलपणाची खूण. वर्गात ही आकृती परीक्षेपुरती काढली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

या सालीनं वैद्यकाला केवढं दिलं! १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दीकींनी तिच्यातून अजमलीन वेगळं काढलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचं लक्ष या मुळाकडे वळलं. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पीन हाती आलं. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलीन, सेरोटोनिन अशी द्रव्यं इवल्या पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पीन ती पिशव्यांत भरूच देत नाही. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. मेंदूतलाही साठा आटतो, आणि काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी झाल्या. ‘वनस्पतीचं आहे, अपाय कसला?’ असं म्हणणाऱ्यानं एवढं तरी लक्षात घ्यावं.

पण मला जास्त छळतो तो प्रश्न औषधाच्या जागेचा. अडुळशाचा गुण पानात आहे. पानं खुडली तरी झाड पुन्हा फुटतं. सर्पगंधेची साल हवी तर मूळ उपटावं लागतं, म्हणजे रोपच संपतं. त्यात बी रुजण्याचं प्रमाण कमी. मुळात रेसर्पीन हजारात एखादा भाग, तेव्हा थोड्या औषधासाठी किती रोपं गेली असतील? १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहे, तो उगाच नाही.

छेद पाहून जात कळते, रासायनिक चाचणीनं गुण कळतो. मूळ शेतात लावलेलं होतं की जंगलातून ओरबाडलेलं, हे या दोन्हींतून कळत नाही. औषध कंपन्यांनी कच्चा माल घेताना टक्केवारीच्या दाखल्यासोबत लागवडीचा दाखलाही मागायला हवा, आणि नसेल तर ती पोती परत पाठवायला हवीत.