नमो मरियाचा उत्तरार्ध

आमच्या धर्मग्रामात विवाहपूर्व शिबिर असलं की चहाच्या सुट्टीत मुलंमुली जे विचारतात, ते बहुतेक एका दिवसापुरतं असतं. चर्चच्या आत ड्रोन चालेल का? गायनमंडळ आम्ही बाहेरून आणलं तर फादर हरकत घेतील का? वसईतलं लग्न म्हणजे मांडव, बँड, नातलगांच्या पंगती. घरचे सगळे आठवडाभर त्यातच गुंतलेले असतात, तेव्हा या प्रश्नांत गैर काही नाही. पण मी आणि माझे यजमान शिबिरात बोलायला उभे राहतो तेव्हा आम्हाला बोलायचं असतं ते लग्नानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारबद्दल. सकाळी पाण्याच्या टँकरवरून वाजलेलं असतं, संध्याकाळी विरार लोकलमध्ये चेंगरून दोघं घरी आलेले असतात आणि कुणालाच कुणाशी बोलायची इच्छा नसते. श्रद्धा संसाराच्या कामी येते की नाही, हे अशा मंगळवारीच कळतं.

लग्न फादर लावतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. आपल्या लॅटिन परंपरेत तसं नाही. विवाहाचा संस्कार वधू-वर स्वतः एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतात, ऐकतात आणि आशीर्वाद देतात. एकेकाळी युरोपात गुपचूप शब्द देऊन नंतर कानांवर हात ठेवणारे पुष्कळ होते, म्हणून 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोरच लग्न व्हावं असा दंडक घातला. दोन साक्षीदार आजही लागतात. पण गाभा दोघांच्या संमतीचाच. म्हणून तर लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात: कुणाच्या दबावाखाली हे करत नाहीस ना? जन्मभराची निष्ठा कबूल आहे? मुलं झाली तर प्रेमाने स्वीकारशील? फॉर्मवरची ही उत्तरं मुलं पटापटा देऊन मोकळी होतात. पुढे संसारात तेच प्रश्न पुन्हा समोर येतात, तेव्हा मात्र उत्तर द्यायला वेळ लागतो.

संस्कार देणारे आपणच असू, तर तो वेदीपाशी तासाभरात देऊन संपत नाही. आजारी नवऱ्याला औषध देताना, बायकोच्या रात्रपाळीच्या दिवशी मुलांचे डबे भरताना तो पुन्हा दिला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं ते उगाच नाही. चर्चमध्ये जसे काही नेम असतात, तसे या ख्रिस्तसभेलाही लागतात. माझ्या अनुभवात संसाराला बळ मिळतं ते भावनेच्या उमाळ्यापेक्षा अशा नेमांतून. उमाळा आपल्या मर्जीने येतो. नेमाची वेळ ठरलेली असते.

जपमाळेचंच घ्या. पाच रहस्यांत 50 वेळा आणि सुरुवातीच्या तीन धरून 53 वेळा ‘नमो मरिया’ म्हणायची असते. या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. एकाने पूर्वार्ध म्हणायचा, बाकीच्यांनी उत्तरार्ध. म्हणजे अबोला धरलेल्या नवरा-बायकोलाही इथे एकमेकांना उत्तर द्यावंच लागतं. माझ्या सासूबाईंनी हे फार आधी हेरलं होतं. संध्याकाळी टीव्ही बंद व्हायचा, कुकरखालचा गॅस बारीक व्हायचा आणि घरात त्या दिवशी ज्याचं तोंड फुगलेलं असेल त्याच्या हातात त्या माळ द्यायच्या. कारण विचारायच्या नाहीत, कुणाची बाजू घ्यायच्या नाहीत. पहिल्या रहस्याला यजमानांचा आवाज ताठ असायचा, माझं उत्तर त्याहून ताठ. तिसऱ्यापर्यंत पोरांपैकी एखादं पेंगू लागायचं, कुणीतरी त्याला मांडीवर घ्यायचं. शेवटी लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा, आणि त्या रांगेत आम्हालाही शेजारी शेजारी उभं राहावं लागायचं. भांडणाचा निकाल काही तिथे लागत नसे. पाण्याचा टँकर कुणी बोलवायचा, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही उरायचाच. पण रात्र अबोल्यात जात नसे. सूर्य मावळेपर्यंत राग धरून ठेवू नका, असं संत पौल इफिसकरांना सांगतो. सासूबाईंनी ते न बोलता घडवून आणलं होतं.

दुसरा नेम पापनिवेदनाचा. त्याची मला आवडलेली गोष्ट अशी, की तिथे फक्त स्वतःचं सांगता येतं. संसाराचं गाऱ्हाणं सांगायला गेलेल्या माणसाला जाणता धर्मगुरू हळूच थांबवतो: त्यांचं राहू दे, तुमचं काय ते सांगा. घरात भांडताना आपल्या तोंडी ‘तू’ जास्त असतो. महिन्या-दोन महिन्यांनी का होईना, गुडघे टेकून ‘मी’पासून सुरुवात करायची सवय लागली, की हळूहळू ती स्वयंपाकघरातही उतरते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात तीन शब्दांवर भर दिला आहे: परवानगी, आभार आणि क्षमा. त्यांतला तिसरा शब्द सर्वांत जड. तो उच्चारायचा सराव पापनिवेदनात होतो.

एवढं असूनही ‘पवित्र कुटुंब’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या चौकटीतलं चित्र येतं आणि वाटतं, आपल्याला हे जमणार नाही. अशा वेळी मी शिबिरात झेली आणि लुई मार्टिन यांच्याबद्दल सांगते. लिझ्यूच्या संत तेरेझाचे हे आईवडील. त्यांचं लग्न 1858 मध्ये फ्रान्समधल्या आलांसाँ गावी झालं. तो घड्याळजी, ती तिथली प्रसिद्ध लेस बनवून विकणारी. तिचा धंदा वाढला तेव्हा लुईने आपलं दुकान विकलं आणि तो बायकोच्या व्यवसायात हातभार लावू लागला. एकोणिसाव्या शतकात! नऊ मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. झेलीची पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत कारागिरांची आणि मागण्यांची काळजी आहे, हट्टी मुलीची चिंता आहे, थकवा आहे. 1877 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. लुईने पाचही मुलींना वाढवलं आणि आयुष्याच्या शेवटी त्याला स्वतःला मनोरुग्णालयात राहावं लागलं. 18 ऑक्टोबर 2015 रोजी या दोघांना एकत्र संत घोषित करण्यात आलं. पती-पत्नीला जोडीने संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. धंद्याचा हिशेब, आजारपण आणि मुलांचे मृत्यू ज्या घरात होते, त्या घराला ख्रिस्तसभेने वेदीवर जागा दिली.

आता जे बोलायचं ते चर्चच्या आवारात जरा दबक्या आवाजात बोललं जातं. पूर्वीचे संसार किती टिकायचे, असं ज्येष्ठ मंडळी अभिमानाने सांगतात. पण त्या टिकण्यात श्रद्धा किती आणि नाइलाज किती? ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढं कारण पुरत असे. पत्नीला मात्र बहुधा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद 2001 च्या दुरुस्तीने गेला. तोवर कितीतरी बायका मार खाऊन संसारात राहिल्या आणि आपण त्याला ‘क्रूस वाहणं’ म्हटलं. दारू पिऊन हात उचलणाऱ्या नवऱ्यासाठी नोव्हेना करा, एवढंच सांगून बाईला घरी पाठवणं ही श्रद्धा नव्हे. खुद्द ख्रिस्तसभेच्या कायद्यात, 1153व्या कलमात, जोडीदारापासून स्वतःच्या किंवा मुलांच्या जिवाला, आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा आहे. धोका तातडीचा असेल तर आधी परवानगीचीही वाट पाहावी लागत नाही. शिबिरात हे आम्ही स्पष्ट सांगतो. प्रार्थना करायचीच, पण तिच्यासोबत समुपदेशक, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बैठक आणि वेळ पडली तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाही. क्षमा करणाऱ्याने आधी सुरक्षित असलं पाहिजे.

नेमांचं रूप बदलतं आहे, हे मान्य करायला हवं. वाडीतलं मोठं घर जाऊन दोन खोल्यांचा फ्लॅट आला. कुणाचा नवरा जहाजावर, कुणाची मुलगी कॅनडात. सातची जपमाळ आता दहाला होते, कधी पाचऐवजी एकच रहस्य होतं, कधी उत्तरार्ध व्हिडिओ कॉलवरून येतो. आंतरधर्मीय लग्नं वाढली आहेत. हिंदू सून प्रार्थनेला बसते पण माळ हातात घेत नाही, आणि तिच्या माहेरच्या गणपतीला आपला मुलगा हौसेने जातो. अशा घरात जबरदस्तीचा नेम टिकत नाही. दोघांनी मिळून ठरवलेली रोजची दहा मिनिटंही पुरतात, फोन बाजूला ठेवून.

धर्मग्रामांकडे माझं एक मागणं आहे. लग्नाला 25 आणि 50 वर्षं झालेल्या जोडप्यांचा आपण मिस्सेनंतर हार घालून सत्कार करतो, तो जरूर करावा. पण बहुतेक संसार डगमगताना मी पाहिले ते पहिल्या काही वर्षांत, पहिलं मूल आणि घराचा हप्ता एकदम येतात तेव्हा. विवाहपूर्व शिबिर संपलं की त्या जोडप्याचं नाव आपल्या वहीतून जातं, ते पुढे थेट बाळाच्या बाप्तिस्म्याला निघतं. मधल्या काळात एखाद्या अनुभवी जोडप्याने त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावा, विचारपूस करावी, अडचण दिसली तर फादरांच्या किंवा समुपदेशकाच्या कानावर घालावी. याला ना सभागृह लागतं ना निधी. येत्या वर्षी प्रत्येक धर्मग्रामाने निदान नवविवाहितांची यादी करावी आणि आमच्यासारख्या जुन्या जोडप्यांत ती वाटून द्यावी.