हाती आलेला मुका जीव : मालकी की अमानत?

आपल्या ताब्यातील प्रत्येक वस्तूचा खरा स्वामी अल्लाह आहे आणि माणूस केवळ तिचा विश्वस्त आहे, ही गोष्ट संपत्तीच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. जकात काढताना आणि वारसा वाटताना तिचे स्मरणही ठेवतो. घरातील मुक्या जिवाचा प्रश्न आला की मात्र 'माझी वस्तू, माझी मर्जी' अशी वृत्ती नकळत डोके वर काढते. पाळीव सशांच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करता येईल.

मुलांच्या हट्टापायी पांढऱ्याशुभ्र सशांची जोडी घरात येते. सशाची मादी साधारण महिन्याभरात विते आणि वितल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे दोनाचे दहा व्हायला वेळ लागत नाही. ससा आठ-दहा वर्षे जगतो. मुलांचा उत्साह तेवढा टिकत नाही. मग कुणी त्यांना रस्त्याकडेला ठेवतो, तर कुणी 'मोकळे' करण्याच्या समाधानात येडशीच्या रामलिंग घाटासारख्या रानात सोडून येतो. असे टाकलेले ससे काही सहृदय कुटुंबे उचलून आणतात आणि कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळतात. पुण्या-मुंबईत प्राणिसेवी संस्थाही हे काम करतात. या जिवांचा आपल्यावर हक्क कोणता? आणि जो त्यांना काही आठवड्यांपुरताच सांभाळणार आहे, त्याचे उत्तरदायित्व किती?

प्रथम 'मोकळे सोडण्या'चा विचार करू. माननीय जैद बिन खालिद (रजि.) यांच्या कथनानुसार, हरवलेल्या जनावरांविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. उंटाला हात लावू नये, कारण चालण्याचे आणि तहान सोसण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशीच असते. शेळी-मेंढी मात्र ताब्यात घ्यावी, कारण ती तुमच्या किंवा तुमच्या भावाच्या हाती लागेल, नाहीतर लांडग्याच्या तोंडी जाईल. म्हणजे जनावराला सोडावे की सांभाळावे, हे माणसाच्या सोयीवर नव्हे, तर त्या जिवाच्या क्षमतेवर ठरते.

आपल्या माळरानावरचा रानससा या अर्थाने त्या उंटासारखा आहे. तो तिथलाच आहे, त्याचे पिल्लू काढणीच्या वेळी शेतात दिसले तरी ते घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला संरक्षण दिले आहे. पाळीव ससा मूळचा युरोपातील. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या जिवाला बीळ, शत्रू आणि ऊन यांपैकी कशाचाच अनुभव नसतो. त्याला माळावर सोडणे म्हणजे मेंढी लांडग्यापुढे सोडणे होय. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस आपल्याला ठाऊक आहे. तिने मांजराला सोडले असते तर ते किडामुंगी खाऊन जगले असते, याचाही त्या हदीसमध्ये उल्लेख आहे. ज्याला सोडूनही जगता येत नाही, त्याचा भार धन्यावर अधिकच येतो. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही अपराध ठरवले आहे.

काही जण विचारतील, ससा तर हलाल आहे, मग एवढी चिंता कशाला? ससा हलाल आहे, हे खरेच. माननीय अनस (रजि.) यांनी पकडलेल्या सशाचे मांस प्रेषितांनी (स.) स्वीकारल्याची नोंद बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परंतु खाण्याची परवानगी ही हेळसांडीची परवानगी नव्हे. जबह करतानाही सुरी धारदार ठेवून जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, अशी ताकीद ज्या धर्मात आहे, तिथे जिवंत जनावराचा हक्क कमी कसा असेल? अनेक फकीहांनी खाण्यायोग्य जनावराच्या मालकापुढे तीन मार्ग ठेवले आहेत : पोसा, विका किंवा विधिपूर्वक जबह करा. उपाशी ठेवण्याचा चौथा मार्ग नाही. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी तर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी ठरलेल्या जनावरावरही खर्च करणे, हा त्याचा हक्क मानला. आणि सांभाळायला म्हणून दिलेला जीव जबह करण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला नाहीच. तो त्याचा मालक नाही.

आता तात्पुरत्या सांभाळाकडे वळू. 'आज ना उद्या जाणारच आहे' या विचाराने अशा जिवाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. परंतु अमानत म्हणजेच जी परत जायची आहे ती. तिची मुदत थोडी असल्याने जबाबदारी थोडी होत नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला गाजरापेक्षा वाळलेले गवत भरपूर लागते. त्याला घाम येत नाही. धाराशिवच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात पत्र्याखालचा पिंजरा त्याचा जीव घेऊ शकतो. तो दुखणे लपवतो. दिवसभर खाल्ले नाही तर पशुवैद्याकडे न्यावेच लागते. नर-मादी वेगळे ठेवणे आलेच. हे ज्ञान मिळवणे हा अमानत राखण्याचाच भाग आहे.

आपल्या जिल्ह्याला ही रीत अपरिचित नाही. दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा कितीतरी शेतकरी जनावरांबरोबर छावणीतच मुक्कामाला राहिले. जागा तात्पुरती होती, पण नाते त्यांनी तोडले नाही. ज्याला खरोखर झेपत नाही, त्याने सक्षम हाती जीव सोपवणे हा गुन्हा नव्हे. कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा हक्क आधीचा आहे. मात्र सोपवताना वय, आजार, सवयी खऱ्या सांगाव्यात. वरच्या कोरड्या धान्याखाली ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) खडसावले होते, जिवाच्या बाबतीत दोष लपवणे तर त्याहून गंभीर. घेणाऱ्यानेही आठ-दहा वर्षांचा विचार करूनच हात पुढे करावा. अमानत तिच्या हक्कदारापर्यंत पोहोचवण्याची कुरआनची आज्ञा (४:५८) इथेही आपल्याला मार्ग दाखवते. म्हणून जो पहिला मागेल त्याला ससा देऊन मोकळे होऊ नये, सांभाळू शकेल अशाच्याच हाती तो द्यावा.

ससा नव्या घरी जाताना मुले रडतील. त्यांना हसू नये. लहानग्या अबू उमैरची चिमणी मेली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची आपुलकीने चौकशी केली होती. त्या अश्रूंबरोबरच मुलांना हेही समजावे की, प्रेम म्हणजे धरून ठेवणे नव्हे. ज्याचे भले जिथे आहे तिथे त्याला पोहोचवणे, हेही प्रेमच आहे. शेवटी आपली मुले, आपले घर, आपला देह हेही काही काळापुरतेच आपल्याकडे सोपवलेले आहेत आणि या सर्वांविषयी आपल्याला विचारले जाणार आहे.

अल्लाह आपणा सर्वांना लहानमोठी प्रत्येक अमानत राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.