पहिल्या दिवसाची वाट
(शास्त्रपाठ : लूक 2:41-46)



ज्येष्ठ मास आला म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या मंडळ्यांस वारीची चाहूल टाळमृदंगाने नव्हे, तर प्रथम घोड्यांच्या टापांनी लागते. चिकोडी तालुक्यातील अंकली येथील शितोळे सरकारांच्या वाड्यातून ज्ञानोबांच्या पालखीचे दोन अश्व निघतात. पहिल्या दिवसाची वाट मिरजेस संपते. डॉ. वानलेस ह्यांच्या रुग्णालयामुळे जे मिरज आमच्या घरोघरी ठाऊक आहे, तेच हे मिरज. पुढे सांगलवाडी, कऱ्हाड, सातारा असे करीत हे अश्व दहा-अकरा दिवसांत सुमारे 300 किलोमीटर चालून आळंदीस पोहोचतात.

ह्यात एक गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. मिरजेहून पंढरपूर ईशान्येस आहे आणि तेथे जाण्यास चार-सहा दिवस पुरेत. परंतु हे अश्व पंढरपूर उजव्या हातास टाकून वायव्येस, आळंदीकडे, वळतात. का? तर सोबत तिकडे आहे. एकट्याने लवकर पोहोचण्यापेक्षा मेळ्यात सामील होऊन उशिरा पोहोचणे हे त्यांस उचित वाटते. पालखीस हे सोहळ्याचे रूप देणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ही शिस्त घालून दिली, आणि शितोळ्यांच्या घराण्याने आपली सेवा आजवर चालविली आहे. आमच्यातील जे कोणी उपासनेस न येता "आम्ही घरीच प्रार्थना करितो" असे म्हणतात, त्यांनी ह्या दोन मुक्या प्राण्यांकडे एकवार पाहावे.

त्या दोहोंपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीही बसत नाही. त्याचे खोगीर रिकामे. त्यावर माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची भावना. ती आमची श्रद्धा नव्हे, आणि आम्ही तीस आमची म्हणणार नाही. तथापि न दिसणाऱ्या धन्यासाठी जागा राखून चालणाऱ्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहून 1917 साली 'देवाचा दरबार' उघडला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जो पूल ओलांडून आपण आलो तो मोडण्यात कसला पुरुषार्थ?

आता शास्त्रपाठाकडे वळू. योसेफ व मरिया हीही वारकरीच होती. वल्हांडणाच्या सणास प्रतिवर्षी यरुशलेमास जाण्याचा त्यांचा नेम होता. येशू बारा वर्षांचा असता सण आटोपून मंडळी परत निघाली आणि पहिला दिवस चालली. तो दिवस कसा गेला असेल, हे आमच्या खेड्यांतील लोकांस समजावून सांगावे लागत नाही. आप्त, गाववाले, गाठोडी, लेकरे ह्या दिंडीतून त्या दिंडीत पळणारी. आईस वाटले, तो बापाबरोबर असेल. बापास वाटले, चुलत्यांबरोबर असेल. सोबत्यांत आहे असे समजून त्यांनी एक दिवसाची वाट तुडविली, आणि तो त्यांच्यात नव्हता!

त्यांनी काही पाप केले होते काय? नाही. ती योग्य वाटेने, योग्य लोकांबरोबर चालली होती. आमच्या कित्येक मंडळ्यांचे हेच झाले आहे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, बापाने मंदिराची भिंत बांधली. मुलाचे नाव वहीत आहे, गीते पाठ आहेत, आणि प्रभू सोबत्यांत कोठेतरी असेलच असे तो धरून चालतो. उपदेशक बंधूंनो, आपणांसही हे भय आहे. तीस-तीस मैलांच्या फेऱ्या करणाऱ्याची रोजनिशी भरलेली असते. परंतु आज कोणाबरोबर चाललो, हा रकाना तीत नसतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्यातील पुष्कळांच्या घरी पूर्वी वारी होती. ते पूर्वज पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत इतरांइतकेच चालले, त्यांचेही पाय तितकेच फुटले. परंतु वाट संपल्यावर त्यांस महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशी, थांबावे लागले. ते द्वार साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली, उघडले. वाटेवर तरी सारे एक होते काय? इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या, आणि जातवार निराळ्या चाललेल्या दिंड्या व निराळ्या पंगती पाहून त्यांस झालेले दुःख 'वाटचाल' ह्या लेखात नमूद आहे. हे वाचून आमच्या लोकांनी समाधान मानू नये. आमच्या मंदिरांत निराळ्या वस्तीचे लोक निराळ्या बाजूस बसत नाहीत काय? सोयरीक ठरविताना प्रथम काय विचारले जाते, ते प्रत्येकाने आपल्या घरी आठवावे.

वाटेवरच्या मंडळ्या विचारतात, अश्व व वारकरी आले असता काय करावे? पाणी द्यावे, सावली द्यावी, पायांस तेल द्यावे. त्या घोटाबरोबर पत्रक हाती देण्याची घाई करू नये. तहानलेल्यास तहानेपुरते पाणी, एवढेच आमचे मत आहे.

आणि ज्यांस आपल्या सोबतीत प्रभू नाही असे आज उमगले, त्यांनी योसेफ व मरिया ह्यांच्या दुसऱ्या दिवसाकडे पाहावे. सारा मेळा गालिलाकडे चाललेला, आणि ही दोघे उलट दिशेने. ओळखीचे लोक विचारीत असतील, परत का? लाज वाटली असेल, पाय दुखले असतील. तरी ज्या वाटेने आली तीच वाट ती पुन्हा चालून गेली, नगरात शोधीत फिरली, आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत असलेला तो त्यांस सापडला.