ठिबक बागेत असतं, मोरीत नाही

उभा राहा. बागायतदार झालास, दारात चारचाकी आली, म्हणून माझ्यापुढं खुर्ची ओढायची नाही. काल तुझ्या घरी आलो तर मोरीतला नळ टपटपतोय आणि गच्चीवरून उतरलेल्या पाइपाच्या सांध्याला हिरवंगार शेवाळ. शेवाळ एका रात्रीत धरत नाही, बाबा! विचारलं, तर म्हणे, "सर, प्लंबर येतो येतो म्हणतोय." पेरूच्या बागेत उंदरानं ठिबकची नळी कुरतडली की स्वतः धावतोस. घरात मात्र हाताला लकवा!

आकडेमोड तरी आठवते का? वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धर. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज चार लिटरच्या वर पाणी गटारात. आणि ते काही तुझ्या आडातलं नाही. इगतपुरीकडचा पाऊस, १९१६ सालचं दारणा धरण, नांदूर मधमेश्वर, तिथून गोदावरीचा उजवा कालवा, तेव्हा कुठं राहात्याला पाणी. आवर्तन लांबलं की नगरपरिषदेच्या नावानं शिमगा करणारा पहिला तूच.

नळाला नुसता वायसर हवाय, पाच-दहा रुपयांचा. त्याच्यासाठी अख्खा नळ बदलायला निघाला होतास!

आता सांधा. तुझे वडील प्लंबरची वाट बघत बसत नव्हते. घरात पाना, तागाची लडी आणि सफेद्याची डबी असायचीच. आधी वरचा कॉक बंद कर. सांधा उकल, आटे तारेच्या ब्रशनं घास, जुना मळ राहता कामा नये. तागाचे चार-सहा धागे आट्यांत बसव. ज्या बाजूला सांधा आवळतो, त्याच बाजूला गुंडाळायचे. उलटे गुंडाळलेस तर आवळताना सगळे बाहेर. वरून सफेदा चोळ. शिशाचा नको, जस्ताचा माग, पोरं ते पाणी पितात. मग पान्यानं आवळ आणि एकदा आवळलास की मागं फिरवू नकोस. ताग भिजला की फुगतो, फट बुजते. म्हणूनच प्लास्टिकच्या सॉकेटात तो कोंबायचा नाही, सॉकेट तडकतं. तिथं टेफ्लॉन टेप.

पाइपालाच भोक असेल तर सायकलची जुनी ट्यूब. गंज खरवड, पाइप कोरडा कर, दोन बोटं रुंद पट्टी काप. भोकाच्या चार बोटं अलीकडून सुरुवात, पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. वरून बाइंडिंग तार, पकडीनं पिळून. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब, नववीत शिकवला होता. तुझी टाकी जेमतेम त्याच्या निम्म्यावर, पट्टी निभावेल. मोटारीच्या लाइनला बांधून माझं नाव सांगू नकोस. आणि ही डागडुजी आहे, पाइप सडला असेल तर बदलावाच लागेल.

उद्या संध्याकाळी येतोय. चहा नंतर. आधी मोरी बघणार.