भय, जल आणि श्रोता

पाण्याखाली गेलेल्या भविष्यातील जगात वाट शोधणाऱ्या मुलांच्या साहसकादंबऱ्या किशोरवयीन वाचक भीत भीत वाचतात, तरीही त्या अर्ध्यावर टाकत नाहीत. आणि प्रत्यक्षात जे भय माणसाला पळायला लावते तेच कथेत त्याला खिळवून का ठेवते, हा प्रश्न केवळ बालसाहित्याचा न राहता तत्त्वचिंतनाचाही होतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ‘भय’ हा भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच वसणारा आणि कलाकृतीमुळे आस्वाद्य होणारा भाव, मानला आहे. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्तांनी या रसप्रक्रियेच्या स्पष्टीकरणासाठी कालिदासाच्या शाकुंतलातील, दुष्यंताच्या बाणापासून जीव घेऊन धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले: तेथे जाणवणारे भय त्या हरणापुरते राहत नाही आणि प्रेक्षकाचे खाजगी दुःखही होत नाही. व्यक्ती, स्थळ आणि काळ यांची बंधने गळून भाव सर्वांचा होणे, यालाच साधारणीकरण म्हणतात. रसास्वादातील विघ्ने सांगताना कथावस्तू संभवनीय न वाटणे हे विघ्न अभिनवगुप्तांनी पहिले मानले असल्याने, ‘असे खरेच होईल का?’ हा बालवाचकाचा प्रश्न शास्त्राच्याही दृष्टीने मूलगामी ठरतो.

भयाविषयीच्या या विचाराला बीदरजवळच्या झरणी नरसिंहाच्या गुहामंदिरात देहाची जोड मिळते. स्थानिक आख्यायिकेनुसार नरसिंहाने वधलेला जलासुर मरताना देवाच्या पायाशी जल होऊन वाहू लागला आणि त्याच्याच विनंतीवरून देव त्या गुहेत राहिला; त्यामुळे दर्शनासाठी भाविकाला सुमारे 300 मीटर लांबीच्या, छताला वटवाघळे लोंबणाऱ्या भुयारातून कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात चालत जावे लागते आणि लहान मुले वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर बसून ती वाट पार करतात. या कथेत असुर मरतो, पण नाहीसा होत नाही, आणि ज्याचे भय होते त्याच्याच प्रवाहातून देवापर्यंतची वाट जाते. येथे मुलाला अभय मिळते ते पाणी आटल्यामुळे नव्हे, तर ते पाणी ओलांडणारा खांदा आपला असल्यामुळे.

गुहेत जे काम खांदा करतो तेच कथेत श्रोत्याच्या प्रश्नांना मिळणारे उत्तर करते, आणि त्याचे मोल कलबुर्गी जिल्ह्यातील, भीमा-अमरजा संगमावरच्या गाणगापुराशी निगडित असलेल्या श्रीगुरुचरित्रात दिसते. कन्नड मातृभाषेच्या सरस्वती गंगाधरांनी मराठी ओवीत रचलेला हा ग्रंथ नामधारक या व्याकूळ शिष्याच्या प्रश्नांवर आणि सिद्धमुनींच्या उत्तरांवर उभा आहे. म्हणजे ‘पुढे काय झाले?’ असे विचारणारा श्रोता कथेबाहेर न राहता तिला पुढे नेणारा घटक होतो. ग्रंथाच्या शेवटाकडे त्याचे चरित्रनायक नृसिंहसरस्वती पुष्पासनावर बसून नदीतून दृष्टीआड होतात तेव्हा तीरावरच्या शिष्यांचा शोक कोणी नाकारत नाही, मात्र प्रवाहातून आलेली प्रसादाची फुले त्यांच्या हाती पडतात.

म्हणून मुलांना भयाण कथा द्याव्यात की नाही, या प्रश्नाआधी त्या वाचताना त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारे कोणी जवळ आहे की नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे. अर्थात जलासुराचे संकट पौराणिक आहे, तर आजच्या कादंबऱ्यांतील बुडालेली शहरे पुष्कळदा माणसाच्याच करणीचे फळ असतात, आणि तेथे धीराबरोबर जबाबदारीचेही भान द्यावे लागते. या जबाबदारीचे बीज जुन्या कथेतही सापडते: शतपथ ब्राह्मणातील प्रलयकथेत मनूची नौका ओढून नेणारा मत्स्य हा त्याने पूर्वी हाती आलेल्या इवल्याशा माशाच्या रूपात जपलेलाच जीव होता. तेव्हा ‘पुढे काय होईल?’ असे विचारणाऱ्या मुलाला मनूच्या गोष्टीतून मिळणारे उत्तर असे, की महापुरातला आधार पूर येण्याआधी, लहानशा जिवाला जपतानाच घडत असतो.